पुलापलीकडचा होकार

वीज गेली तेव्हा जेवणं आटोपली होती. गच्चीवर सतरंजी टाकून तिघं पडली होती. काका, त्यांची पुतणी आणि तिचा धाकटा भाऊ. पुतणीला पुढच्या सोमवारी हेलिकॉप्टर उडवायला शिकवणाऱ्या शाळेत दाखल व्हायचं होतं. त्यामुळे सध्या घरात तिची थट्टा चालू होती. धाकटा तर पाणी मागतानाही म्हणायचा, "वैमानिक बाई, खाली उतरणारच आहात तर एक तांब्या घेऊन या."

"काका, भुताची सांगा ना," तो म्हणाला. "बाईंची जरा टरकू दे."

"भूत मी कधी पाहिलं नाही," काका म्हणाले. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेला माणूस. "कचेऱ्या पाहिल्या. त्यापुढे भूत काय घाबरवणार? पण एक ऐकलंय, आणि ज्याच्यावर बेतलं त्याच्याच तोंडून. तो खोटं बोलणारा नाही. त्याला तेवढी कल्पनाशक्तीच नाही."

मग आवाज खाली आणून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

ज्याच्यावर बेतलं तो काकांच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. लहानपणी घरातला टेबलफॅन उघडून त्याचे सगळे भाग अंगणात मांडून बसला होता, तेव्हापासून त्याचं नाव पंखा पडलं. पुढे तो खरंच पंख्याखाली बसून पोट भरू लागला. हवाई अॅम्ब्युलन्सवर पायलट झाला.

गावाबाहेर हेलिकॉप्टर ठेवायचं पत्र्याचं हँगर होतं, त्याला चिकटून एक खोली. खोलीत दोन खाटा, चहाची विजेची किटली आणि एक हीटर, ज्याची एकच कांडी पेटायची. रात्रपाळीला तिघं असत. पंखा, एक तरुण डॉक्टर, आणि पन्नाशीच्या सिस्टर. या सिस्टरना एका शब्दात उत्तर देणं जमत नसे. चहा घेणार का विचारलं तर चहाबद्दल, दुधाबद्दल आणि चहा न पिणाऱ्या माणसांबद्दल अशी तीन मतं ऐकावी लागत.

तिथे दोन नियम होते. पहिला, पेशंट कोण आहे आणि त्याला काय झालंय हे पायलटला सांगायचं नाही. कुठे जायचं आणि हवा कशी आहे, बस. कारण दया आली की माणसाचे डोळे खोटं बोलायला लागतात. समोर धुकं असतं आणि तो म्हणतो, विरळ आहे. दुसरा नियम, तिघांनी हो म्हटलं तरच उडायचं. एकानं नाही म्हटलं की नाही. का म्हणून विचारायचं नाही, नंतर टोमणाही मारायचा नाही.

"चांगले नियम आहेत," पुतणी म्हणाली.

"चांगलेच आहेत. पण कंपनीला सुचले म्हणून आले नव्हते. तीन माणसं मेल्यावर आले."

पंख्यावर बेतलं त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा तिथे उस्ताद उडवायचे. पंख्याला उडवायला त्यांनीच शिकवलेलं. एका धुक्याच्या रात्री कंपनीचे साहेब स्वतः हँगरमध्ये येऊन उभे राहिले, कानाला फोन लावून. पलीकडे कुणी तरी मोठं असणार. साहेब उस्तादांना म्हणाले, "सात वर्षांची मुलगी आहे. आता तुमच्यावर आहे." मग तिघांना समोर उभं करून विचारलं, "तयार ना?" आता ज्याच्या सहीनं पगार होतो तो समोर उभा राहून विचारतोय. नाही कोण म्हणणार? उस्ताद हो म्हणाले, डॉक्टर हो म्हणाला, नर्स हो म्हणाली. नदीचा पूल ओलांडल्यावर खिंडीत डोंगराला धडकले, तिघंही गेले. आणि ती मुलगी? तिला घरच्यांनी आधीच गाडीत घालून रस्त्यानं नेलं होतं. ती वाचली. हे हँगरला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"चौकशी झाली. अहवाल आला," काका म्हणाले. "वैमानिकाचा चुकीचा निर्णय. मेलेला माणूस उलट पत्र पाठवत नाही, हे कचेरीला पक्कं ठाऊक असतं. अख्ख्या अहवालात साहेबाचा फोन एकदाही वाजला नाही. मी छापलं, तर मला नोटीस आली. जपून ठेवलीये. आयुष्यात मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्र."

"काका, भूत," धाकट्यानं आठवण केली.

"येतंय. त्याला काय घाई आहे?"

जानेवारीतला तिसरा गुरुवार होता. आदल्या दिवशी अमावस्या झालेली, त्यामुळे बाहेर काळामिट्ट अंधार. सव्वाअकराला फोन वाजला. नियंत्रण कक्षात ताई असायच्या. त्यांचा आवाज इतका सपाट की लॉटरी लागल्याचंही त्यांनी तसंच सांगितलं असतं.

"धरणावरच्या वसाहतीतून एकाला आणायचंय," ताई म्हणाल्या. "तिथे आत्ता आकाश स्वच्छ आहे म्हणतात. खिंडीत धुकं धरण्याची शक्यता."

"ठीक," पंखा म्हणाला. पुढचं त्यानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तिघं नकाशासमोर उभे राहिले. पंख्यानं पुलावर बोट ठेवलं. "पूल ही आपली रेघ. तिथून खिंडीतल्या टॉवरचा लाल दिवा दिसला तर पुढे. नाही दिसला तर तिथूनच माघारी. चर्चा नाही."

"मला चालेल," डॉक्टर म्हणाला.

"सिस्टर?"

"मी मशीनमध्ये बसल्यावर सांगते," सिस्टर म्हणाल्या. "टेबलापाशी सगळेच शूर असतात हो. पट्टा आवळला की पोट काय म्हणतंय ते ऐकायचं आणि मग बोलायचं. माझ्या नवऱ्याला लग्नाआधी हे कुणी सांगितलं असतं तर तोही सुखी झाला असता."

हसत हसतच तिघं बाहेर पडले. पंखा पुढे उजवीकडच्या सीटवर बसला. डावीकडची सीट रिकामी. डॉक्टर आणि सिस्टर मागे, त्याच्या पाठीशी. इंजिन सुरू झालं, पाती फिरू लागली. अशा वेळी उघड्या कानांनी काही ऐकू येत नाही. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, तोंडासमोर माइक, आणि त्याची वायर छतातल्या खोबणीत खोचलेली. एकमेकांशी तेवढंच नातं.

"डॉक्टर?" पंख्यानं विचारलं.

"हो."

"सिस्टर?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "हो."

पंख्याला किंचित वाटलं, सिस्टर आणि एकच शब्द? पण डोळे समोरच्या काट्यांवर होते, हात कामात होते. मागे वळून पाहायला मान तेवढी फिरवावी लागते. त्यानं फिरवली नाही. आवाज मोजले, चेहरे मोजले नाहीत. "माझाही हो," तो म्हणाला आणि मशीन जमिनीवरून उचललं.

गाव मागे पडलं. खाली रस्ता होता, त्यावर अधूनमधून एखादा ट्रक. हवा शांत. पंख्याला बरं वाटत होतं. त्यानं नंतर काकांना सांगितलं, त्या रात्रीइतकं मशीन कधी हलकं लागलं नव्हतं. कुणी तरी सोबतीनं उचलून धरल्यासारखं.

पूल आला. दिव्यांची दोन ओळींची माळ, आणि खाली काळं पाणी.

पंख्यानं समोर पाहिलं.

टॉवरचा दिवा नव्हता. जिथे तो असायला हवा होता तिथे राखाडी भिंत होती.

आता वळायचं. ठरलं होतं तसं, चर्चा न करता. आणि पंख्यानं काय करावं? त्यानं विचारलं.

"दिवा दिसत नाहीये. जरा पुढे जाऊन बघू?"

"इथेच चुकला तो," काका पुतणीला म्हणाले. "ऐकतेयस ना? आखलेली रेघ आली की विचारायचं नसतं, वळायचं असतं. रेघेवर उभं राहून माणूस विचारतो तेव्हा त्याला मत नको असतं. होकार हवा असतो."

"हो," कानात उत्तर आलं. पुरुषाचा आवाज.

"हो." बाईचा.

तो पुढे गेला.

रस्ता दिसतोय तोवर जाऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग रस्ता दिसेना. खालची झाडं दिसतायत तोवर. मग तो झाडांच्या शेंड्यांजवळ उतरला. वेग कमी केला. अनोळखी घरात, अंधारात, भिंत चाचपत चालावं तसं मशीन चाललं होतं. समोरच्या दिव्याचा झोत धुक्यात शिरायचा आणि परत तोंडावर यायचा.

रेडिओ खरखरला.

"या..."

"धरण? कोण बोलतंय?"

"या... इथे सगळं स्वच्छ आहे."

"कोण बोलतंय?"

खरखर. मग तोच आवाज. थकलेला, समजूत घालणारा.

"सात वर्षांची आहे..."

हे त्याला कुणी सांगायचं नव्हतं. हे वाक्य कुठलं, त्याला ठाऊक होतं. त्या हँगरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ते वाक्य ठाऊक होतं.

त्यानं तोंड उघडलं नव्हतं. कुणाला काही विचारलं नव्हतं.

"हो," मागून आलं.

"हो."

आणि मग तिसरा. मागून नाही. डावीकडून, रिकाम्या सीटकडून, अगदी जवळून...

"हो..."

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याच आवाजानं त्याला उडवायला शिकवलं होतं.

"उस्ताद?" पुतणीनं हळूच विचारलं.

शेजारच्या इमारतीत कुणी तरी खिडकी लावून घेतली. धाकटा सतरंजीवर उठून बसला होता.

पंख्यानं डावीकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. समोर धुकं. कानात ते तिघं.

हो.

हो.

हो...

त्याच्या खांद्यावर हात पडला.

तो किंचाळणारच होता. पण हात गरम होता. हातानं त्याला गदागदा हलवलं, पाठीत एक गुद्दा घातला. पंख्यानं मान फिरवली.

सिस्टर होत्या. पट्टा सोडून पुढे वाकलेल्या. तोंड पुरतं उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. काही तरी ओरडत होत्या आणि त्याच्या कानात त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या हातात त्यांच्या हेडफोनची वायर होती. मोकळी. टोकाचा प्लग हवेत लोंबत होता. त्यांच्यामागे डॉक्टर दोन्ही हातांनी फुली करून दाखवत होता. परत परत तीच खूण.

सिस्टरनी पंख्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलला आणि कानाला तोंड लावलं.

"नाही. मी नाही म्हणतेय. कधीपासून नाही म्हणतेय."

पंख्यानं समोर पाहिलं. काचेच्या अगदी पुढ्यात झाडाची फांदी होती. शेंडा नव्हे, फांदी. म्हणजे ते झाडाच्या वर नव्हतेच. डोंगराच्या अंगाला लागले होते.

पुढचं त्यानं कसं केलं ते त्याला नीट आठवत नाही. बाहेर पाहायचं सोडलं, एवढं आठवतं. डोळे काट्यांवर आणले. मशीन सरळ केलं. वर घेतलं. आणखी वर. मग वळायला लागला. सावकाश, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. घाई केली असती तर संपलं होतं.

आणि अख्खं वळण होईस्तोवर कानात ते चालूच होतं. त्यानं आवाजाचं बटण पार शून्यावर आणलं. फरक पडला नाही.

हो. हो. हो.

त्यात धमकी नव्हती. राग नव्हता. तेच वाईट होतं. साहेबापुढे खाली मान घालून उभ्या असलेल्या माणसांचा तो आवाज होता. एकदा लागलेली सवय मेल्यावरही सुटली नव्हती. त्यांना दुसरा शब्दच येत नव्हता.

धुक्यातून पुलाचे दिवे वर आले, तेव्हा कान मोकळा झाला.

हँगरसमोर उतरल्यावर पाती थांबेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग पंख्यानं डॉक्टरला विचारलं, "पुलावर मी विचारलं, तेव्हा तू हो का म्हणालास?"

"मी नाही म्हणालो. एकदा नाही, तीनदा. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि पुढे गेलात. मला वाटलं तुमचं डोकं फिरलंय."

"मी बरं म्हणालोच नाही."

"मी ऐकलं."

"आणि सिस्टर, निघताना तुम्ही..."

"निघताना मी काय?" सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "माझा प्लग बसतच नव्हता. मला काही ऐकू येत नव्हतं, मी हात हलवत होते, आणि तुम्ही बैलगाडी हाकल्यासारखे निघालात. मी हो म्हणाले नव्हते. मी अजून काहीच म्हणाले नव्हते."

त्या रात्री तिघांनी किटली तीनदा भरली. हीटर मध्ये घेऊन बसले. बोललं कुणी नाही. सिस्टरसुद्धा.

सकाळी कळलं. पेशंट म्हणजे धरणाच्या बोगद्यात काम करणारा तिशीचा माणूस. पायावर दगड पडलेला. ट्रकमध्ये गाद्या टाकून रात्रभर खडखडत रस्त्यानं आणला. जगला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लवकर पोचला असता तर कदाचित राहिला असता. नाही म्हणण्याची किंमत असते, आणि ती दर वेळी नाही म्हणणाराच देतो असं नाही. पंख्याला हे अजूनही टोचतं.

लहान मुलगी? वसाहतीत त्या रात्री कुणी मूल आजारी नव्हतं.

कंपनीनं पंख्याला बोलावून घेतलं. कुठे होता, कसा वळला, सगळं यंत्रात उमटलेलं असतं. साहेब तेच जुने. बढती मिळालेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माघारी का आलात?" पूल ओलांडून पुढे का गेलात, हे विचारलं नाही. काकांना या गोष्टीत सगळ्यात जास्त भीती याच प्रश्नाची वाटते.

"संपली?" धाकट्यानं विचारलं. त्याला संपायला हवी होती.

"नाही."

दोन दिवसांनी पेशंटचा भाऊ हँगरवर आला. धिप्पाड माणूस, डोळे लाल. पंख्याला वाटलं, रडेल, शिव्या देईल, का वळलात म्हणून विचारेल. उत्तर तयार ठेवलं होतं.

भावानं ते विचारलंच नाही.

"उतरलात, तर दार का नाही उघडलंत?"

"कुठे उतरलो?"

"माणुसकी नसेल तर नसू दे, पण खोटं तरी बोलू नका हो," भाऊ म्हणाला. "मी स्वतः तिथे होतो. भावाला खाटेवर घेऊन आम्ही चौघं उभे. धुक्यातून तुम्ही खाली आलात. टेकलात. पाती फिरत होती. मी धावत जाऊन काचेवर हात आपटला."

"आणि?"

"आत तिघं होते. पुढे एक, मागे दोन. सरळ समोर बघत बसलेले. मी आपटतोय, ओरडतोय... एकानं मान वळवली नाही. मग उठलात आणि गेलात."

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन भावाला खाटेवर बसवलं.

पंख्यानं त्याच्याशी वाद घातला नाही. काय घालणार? दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गाडी काढून तो एकटाच रस्त्यानं धरणावर गेला. भर दुपार होती, ऊन लख्ख पडलेलं. वसाहतीच्या मागे उतरण्यासाठी राखलेलं मोकळं मैदान आहे. तिथल्या रखवालदारानं त्याला नेलं आणि स्वतः कुंपणापाशीच थांबला. आत आला नाही.

मैदानभर गुडघाभर गवत होतं, उभं, वाळून पिवळं पडलेलं. मधोमध एक मोठं वर्तुळ आडवं झालेलं. हेलिकॉप्टर उतरल्यावर होतं तसं. पंख्यानं अशी वर्तुळं शेकड्यांनी पाहिली आहेत. पात्यांचं वारं वरून खाली येतं आणि चहूकडे पसरतं. त्यामुळे गवत नेहमी मध्यापासून बाहेर झोपतं, शेंडे बाहेरच्या बाजूला. दुसरं काही होऊच शकत नाही.

तो खाली बसला. हात फिरवून पाहिला.

या वर्तुळातलं गवत आत झोपलं होतं. एकूण एक पातं, मध्याकडे शेंडा करून.